किलोमागे एक बांगडी

नवी पेठेत माझं बांगड्यांचं दुकान आहे आणि माझा आवाज दुकानापेक्षा मोठा आहे. हे मी म्हणत नाही, आमचे कासीमसाहेब म्हणतात. नवरा गल्ल्यावर बसून पेपर वाचतो आणि असल्या गोष्टी शोधून काढतो.

मी झीनत. सव्वीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरतेय. बाई पायरी चढत असतानाच तिचा हात बघून मी माप सांगते, दोन-चार की दोन-सहा की दोन-आठ. तोंड एखादवेळी विसरेन, हात विसरायची नाही. आणि एवढी मी शहाणी त्या बुधवारी एका 'ची'वर घसरले. अक्षर केवढंसं! पण त्यापायी एका बाईच्या जिवावर आलं असताना मी पेढे घ्यायला धावले होते.

आमच्या पायरीला लागून सोनाबाई केळी विकते. उजनीच्या पाण्याकाठी तिच्या भावाची बाग आहे, माल तिथून येतो. नऊ वर्षांपूर्वी पोरापाठोपाठ गाव सोडून ती सोलापुरात आली आणि पहिल्याच दिवशी तिनं गाडा माझ्या दारात आडवा लावला. आम्ही कडाकडा भांडलो. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

तिचा मुलगा युवराज टॉवेलच्या कारखान्यात आहे. सून अपेक्षा. अपेक्षा लग्न होऊन आली तेव्हा बांगड्या मीच भरल्या. हात दोन-चार, आणि त्यातही बांगडी कोपरापर्यंत खुळखुळत जायची. पोरगी सगळी मिळून एकेचाळीस किलो.

दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले. सोनाबाईनं तिला बजावलं, "अर्ध्या पोटी जेवायचं. लई खाल्लं तर बाळाला जागा कुटनं ऱ्हाणार? आन् बाळ मोटं झालं तर अडंल." वाईट मनानं नाही सांगितलं. तिच्या सासूनं तिला तेच सांगितलं होतं. बाळ झालं दीड किलोचं. काचेच्या पेटीत अकरा दिवस राहिलं आणि गेलं.

महिनाभर सोनाबाई गाड्यावर आली नाही. आली तेव्हा केळ्याच्या फण्या लावता लावता माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाभी, जागा ठिवली व्हती ओ त्याला. नुसती जागाच ठिवली."

म्हणून यंदा अपेक्षाला पुन्हा दिवस गेले तेव्हा आमच्या गल्लीनं ते फार मनावर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हिनं बारा-तेरा किलो तरी वाढायला हवं. पण हळूहळू. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण अर्धा किलो." सोनाबाईनं 'बारा-तेरा' ऐकलं आणि ते पदराला बांधून घरी आणलं. 'हळूहळू' तिनंही ऐकलं नाही आणि मीही नाही.

मग काय विचारता! सकाळी दूध आणि केळं, दहा वाजता उकडलेलं अंडं, दुपारी भाकरी, डाळ, पालेभाजी, चार वाजता गूळ-शेंगदाणे. आधी "अर्ध्या पोटी" म्हणणारी सासू आता सुनेच्या ताटापुढे बसून राहायची. अपेक्षा मला हळूच सांगायची, "मावशी, आई माझा घास मोजतात ओ." पण खायची बापडी. तिलाही ते बाळ पाहिजेच होतं.

वजन आम्ही दर गुरुवारी करायचो. शेजारी सिद्धाप्पांचं धान्याचं दुकान आहे. ज्वारीची पोती तोलायचा त्यांचा काटा आतल्या खोलीत असतो. अपेक्षा चपला काढून त्याच्यावर उभी राहायची, सोनाबाई आकडा वाचायची आणि मी दारात पहारा करायचे. सिद्धाप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "आमी बघायचं नाही री, नजर लागंल," म्हणायचे आणि लगेच मान न वळवता विचारायचे, "किती?"

युक्ती माझी होती. एक किलो वाढला की अपेक्षाच्या हातात एक हिरवी बांगडी, माझ्याकडून. पहिल्या किलोला मी बांगडी चढवली तेव्हा पोरगी अशी हसली की मला वाटलं, हिला निम्मं वजन ह्या हसण्यानंच चढेल. पुढं दर गुरुवारी आम्ही काट्याकडे जायचो त्या चालीत जत्रेला निघाल्याची घाई असायची. चार किलो, चार बांगड्या. पाच, सहा.

सहाव्या बांगडीला सिद्धाप्पांनी घोटाळा केला. त्यांची मायबोली कानडी, मराठी बोलतात फर्डं, पण कुठं पाय ठेवायचा ते कधीकधी कळत नाही. खुशीत येऊन ते म्हणाले, "वा री! सोनाबाई ताटात वाढती, सून काट्यावर वाढती आणि भाभी बांगड्या वाढवती!"

सोनाबाईनं तोंडावर हात मारला. मी अशी ओरडले की पलीकडच्या सोनाराच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. अहो, सवाष्णीच्या हातातली बांगडी 'फुटली' असं कोणी म्हणत नाही. ती 'वाढली' म्हणतात. बांगड्या 'वाढवल्या' म्हणजे फोडल्या. पोटुशी बाईपुढं असला शब्द! सिद्धाप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही कान धरले आणि अपेक्षाला गुळाची अख्खी ढेप दिली. अपेक्षा पोट धरून हसत होती. त्या दिवसापासून आमच्यात 'वाढणं' हा शब्द जपून वापरायचा असं ठरलं, आणि ठरवलं ते सगळ्यांत आधी मीच विसरले.

आठवा महिना संपत आला. काटा एकोणपन्नासावर गेला. हातात आठ बांगड्या, चार इकडे, चार तिकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान भरतंय. सोनाबाईनं गाडा बंद ठेवून घरीच राहायचं ठरवलं. मी तिला सांगितलं, काही असलं तर फोन करा.

फोन आला पुढच्या बुधवारी, भर दुपारी. लग्नाचे दिवस. अक्कलकोटहून एक नवरीची मामी आली होती, तिच्या एका हातात मी बांगड्या भरून झाले होते आणि दुसरा हात माझ्या हातात होता. समोरच्या कापडदुकानाचा कर्णा 'सेल, सेल' ओरडत होता. रिक्षावाला गर्दीत अडकून हॉर्नवर बसला होता. मी फोन खांद्यात दाबला.

"भाभी!" सोनाबाईचा आवाज कापत होता. "भाभी, सूनबाई... वाढली ओ!"

"काय म्हणता! किती?"

"दोन!"

"दोन?"

"व्हय की! तुमी या लगीच!" आणि फोन कट.

दोन किलो! एका आठवड्यात! गुरुवारची वाटही न बघता कुठंतरी वजन केलेलं दिसतंय! मी मामीचा हात सोडला आणि उभी राहिले. "सिद्धाप्पा!" मी पायरीवरूनच ओरडले. "पोरगी दोन किलो वाढली! एकावन्न!"

"चलो आत री!" सिद्धाप्पा टोपी सावरत बाहेर आले. छान झालं म्हणायचं असलं, की त्यांची कानडीच पुढं येते. त्यांनी मुठीनं गूळ वाटायला सुरुवात केली. सोनाराला दिला, कर्ण्यावरच्या माणसाला दिला, हॉर्नवाल्यालाही दिला. त्याचा हॉर्न पहिल्यांदा थांबला.

मी पेटीतून दोन हिरव्यागार बांगड्या काढल्या आणि पिशवीत टाकल्या. कासीमनं चष्म्यावरून बघितलं. "गिऱ्हाइकाच्या एकाच हातात भरल्यात तुम्ही."

"दुसरा तुम्ही भरा, हात विसरला नसाल तर!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी मी. कोपऱ्यावर पेढे घेतले, रिक्षा पकडली आणि शेळगीला सोनाबाईच्या घरी निघाले. रिक्षावाल्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं. मग मुलीला फोन लावला. माझी सबा अपेक्षाच्या डॉक्टरीणबाईंच्याच दवाखान्यात नर्स आहे. घरात आम्ही आमच्या दखनीत बोलतो.

"सबा, अपेक्षा दो किलो बढी!"

ती म्हणाली, "एक हफ्ते में? अम्मी, ये ठीक नै. चेहरा सुजा क्या उसका? हाथां?"

मला राग आला. "तू नर्स झालीस म्हणून आनंदालाही इंजेक्शन टोचणार का?" असं ठणकावून मराठीत सुनावलं आणि फोन बंद केला. लेकीशी भांडायला मला मराठीच लागते.

सोनाबाई दारातच उभी होती. डोळे लाल. मी म्हटलं, आनंदाचं रडू आहे, येतं बाईला. पेढ्यांचा पुडा पुढं केला. तिनं तो घेतला नाही. तिच्या हातात स्टीलची ताटली होती आणि ताटलीत हिरव्या काचेचे तुकडे.

"वाढल्या, भाभी," ती म्हणाली. "दोन."

माझ्या हातातला पुडा तसाच राहिला. सूनबाई वाढली नव्हती. सूनबाई'ची' वाढली होती. बांगडी! तो 'ची' कर्ण्यानं आणि हॉर्ननं गिळला होता. सव्वीस वर्षं बांगड्या विकणाऱ्या बाईला हे कळू नये? कोणी दुसरीनं असं केलं असतं तर मी तिला वर्षभर हसले असते.

"लई मोटा अपशकुन झाला ओ," सोनाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "आठवा सरताना हातातली बांगडी... करकचून रुतत व्हत्या म्हनून ती काढाय गेली आन् दोन्ही वाढल्या. तुमी आदी नव्या भरा. हातात उनं नगं."

रुतत होत्या हे मी ऐकलं, पण अजून माझं डोकं त्या 'ची'तच अडकलं होतं. मी आत गेले. अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती. मला बघून हसली. "मावशी, बघा की! मला गाल आले. आई कालपर्यंत सगळ्यांना बोलवून दाखवत होत्या."

गाल खरंच आले होते. पापण्याही भरल्यासारख्या झाल्या होत्या. मी पुढ्यात बसले, तिचा हात घेतला आणि पिशवीतली बांगडी बोटांवरून सरकवली. दोन-चार. आठ दिवसांपूर्वी हीच बांगडी मी न दाबता, बोलता बोलता चढवली होती. आज ती बोटांच्या मुळाशी अडली. मी हात चोळला, अंगठा आत दुमडला, पुन्हा सरकवली. नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्या हातात काकण होतं, हातही होता, आणि मी दाराबाहेर पेढे घेऊन आरसा शोधत बसले होते. बाई कितीही खाऊन भरली तरी बांगडी अडते ती हाडाशी. माप बदलायला सहा-सहा महिने लागतात. आठ दिवसांत हात बदलत नाही.

मी तिच्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबला आणि उचलला. मांसाचा हात असता तर लगेच वर आला असता. इथं खड्डा पडला आणि तसाच राहिला. पाय बघितले. जोडवी बोटांत रुतली होती.

"डोकं दुखतंय का गं?"

"रात्रीपास्नं दुखतंय. झोप न्हाई झाली म्हणून आसंल."

सबाचा आवाज माझ्या कानात आला, चेहरा सुजा क्या, हाथां? मी तिला पुन्हा फोन लावला. ह्यावेळी भांडले नाही. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "अम्मी, देर नक्को करो. मैं दरवाजे पे खडी रहती. और हाथ में की चूडियां निकालके लाओ, सूज बढींगी."

"उठ बेटा," मी अपेक्षाला म्हटलं. "दवाखान्यात जायचंय. रिक्षा उभीच आहे."

सोनाबाई दारात आडवी झाली. "आदी बांगड्या भरा. अशा हातानं मी तिला उंबरा वलांडू द्येनार न्हाय."

"भरत नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बांगडी भरायला नाही म्हटलं. "उलट ह्या राहिलेल्या सहाही काढायला लागतील. निघणार नाहीत, वाढवाव्या लागतील."

"माज्या सुनंच्या हातातल्या बांगड्या वाढवाय आला व्हय तुमी?"

ती हे ज्या डोळ्यांनी म्हणाली ते मी विसरणार नाही. नऊ वर्षांची मैत्री उंबऱ्यावर उभी होती. मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी चुकले असले तर ह्या बाईचं तोंड मला जन्मभर दिसणार नव्हतं. पण त्या हातावरचा खड्डा अजून भरला नव्हता.

"सोनाबाई," मी म्हटलं, आणि आवाज आपोआप खाली गेला. "हे बाळ नाही वाढलं. हे पाणी वाढलंय. ती बांगडी अपशकुन करायला नाही तुटली, सांगायला तुटली. मागच्या वेळी तुम्ही सासूचं ऐकलंत. ह्यावेळी माझं ऐका."

मी 'तुटली' म्हटलं. तोंडातून गेलं. सोनाबाईनं ताटली खाली ठेवली, फळीवरचा अडकित्ता काढून माझ्या हातात दिला आणि सुनेजवळ बसून तिचं कोपर दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"वाढवा," ती म्हणाली.

मी ओढणीची घडी बांगड्यांखाली सरकवली. एक, दोन, तीन. दर बांगडीला सोनाबाई डोळे मिटायची, पण कोपर सोडलं नाही. अपेक्षा म्हणाली, "आई, रडू नका ओ, किलो माझ्या अंगात हायतच की." पोरीला त्याही वेळी विनोद सुचत होता! सहावी बांगडी झाली आणि आम्ही तिघी रिक्षात.

सबा खरंच दारात उभी होती, चाकाची खुर्ची घेऊन. बीपी निघालं एकशे साठच्या वर. वजन केलं, बावन्न. म्हणजे मी चुकून जे ऐकलं होतं ते खरंच होतं, उलट एक किलो जास्त! आठवड्यात तीन किलो, आणि गल्लीत सिद्धाप्पा अजून गूळ वाटत असतील.

डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध सुरू केलं, बाळाचे ठोके ऐकले आणि मग आमच्याकडे वळल्या. "आज आणलंत ते फार बरं केलंत. उद्यापर्यंत थांबला असता तर हिला झटके येऊ शकले असते. दोघांनाही धोका होता. वजन वाढलं म्हणून घरात पेढे वाटत बसतात काही लोक."

मी पेढ्यांचा पुडा हळूच पाठीमागे नेला. सोनाबाईनं तो बघितला. एवढ्या रडारडीत ती फस्सकन हसली, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. तेवढ्यात युवराज कारखान्यातून मोटारसायकलवर धापा टाकत आला, त्याला कोणी काहीच सांगेना. आई हसतेय की रडतेय हेच त्याला कळेना.

अपेक्षाला त्यांनी ठेवूनच घेतलं. रोज बीपी, रोज लघवीची तपासणी, रोज वजन. सोनाबाई दवाखान्यात डबा न्यायची आणि आता 'हळूहळू' हा शब्द सगळ्या वॉर्डाला सांगत फिरायची. शेजारच्या खाटेवरची बाई घास टाकायला लागली की ही तिला म्हणायची, "खा बाई, जागा नगं ठिवू." आणि कोणाचे पाय सुजलेले दिसले की तिचा अंगठा पुढं. सबा म्हणाली, अम्मी, तुमच्या मैत्रिणीला पगार सुरू करावा लागेल.

तीन आठवडे गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, एवढे दिवस निघाले की मग बाळाला बाहेर आणू. त्या सकाळी मी दुकान उघडलं, पण एकाही बाईच्या हातात धड बांगडी भरता येईना. दोन वेळा मोठं माप काढलं. कासीम म्हणाले, "तुम्ही पेपर वाचा, मी भरतो."

अकराच्या सुमारास फोन वाजला. समोरचा कर्णा सुरूच होता. मी धावत त्याची वायरच उपटली. त्या माणसानं 'बोला, बोला' अशी खूण केली, त्यालाही माहीत होतं.

"भाभी!" सोनाबाईचा आवाज कापत होता, अगदी त्या बुधवारसारखा. "भाभी, दोन-सहा!"

पण ह्यावेळी मी उडी मारली नाही. "सोनाबाई, थांबा. नीट सांगा. काय दोन-सहा? कुणाची बांगडी?"

"बांगडी न्हाय ओ! नात! दोन किलो सहाशे! आन् रडती अशी, तुमच्यावानी! अपेक्षा बी ठनठनीत हाय."

मी आमच्या पायरीकडे वळले. सिद्धाप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि विचारत होते, "किती? किती?" मी दोन बोटं वर केली, मग सहा केली. मग फोनवर सोनाबाई अगदी हळू म्हणाली, "भाभी, जागा भरली ओ. सगळी भरली."

हे मात्र मी एका अक्षराचीही चूक न करता ऐकलं.